“आठ वर्षांच्या मुलाला बूस्टर म्हणजे पैशाची उधळपट्टी” – याला सविस्तर उत्तर

गंगापूररोडकर

परवा इथे एका पालकांनी लिहिलं : मूल आठ वर्षांचं झालं की गाडीचा बेल्ट पुरतो, हायबॅक बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचा बेल्ट नीट जागेवर आणणारी, पाठ असलेली सीट) हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे, नाशकात गाडी चाळीसच्या वर जातेच कुठे, आणि फारच काळजी वाटत असेल तर बेल्ट खाली ओढणारी त्रिकोणी क्लिप लावा. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. हा सल्ला वाचून उद्या कुणीतरी ती क्लिप विकत घेईल, म्हणून लिहितो आहे.

बेल्टने शरीर धरायचं ते हाडावर. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर, मांड्यांना टेकून. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, कॉलरबोनवरून. आठ वर्षांच्या मुलाची मांडी मागच्या सीटच्या खोलीपेक्षा आखूड असते. पाठ टेकवून बसलं तर गुडघे सीटवरच राहतात आणि पोटऱ्या सरळ पुढे येतात. असं कुणालाच फार वेळ बसवत नाही. मूल पुढे घसरून बसतं आणि खालचा पट्टा पोटावर चढतो. धडक बसली की शरीर पट्ट्याखालून सरकतं, सगळा भार आतड्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर येतो. वरचा पट्टा मानेला काचतो म्हणून मूल तो काखेखाली घेतं नाहीतर पाठीमागे टाकतं. मग कमरेच्या वरचं शरीर धरायला काहीच उरत नाही.

चाळीसचं म्हणाल, तर ताशी ५० किमीने गाडी आदळणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. आणि हीच गाडी शनिवारी कसारा घाट उतरते. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाला, तिथे सपाट भागात कारची मर्यादा १२० आहे. मूल तेच, बेल्टही तोच.

ती क्लिप तर घेऊच नका. ती वरचा आणि खालचा पट्टा एकत्र बांधते. वरचा मानेवरून हटतो हे डोळ्यांना दिसतं, पण त्याच वेळी खालचा पट्टा वर, पोटावर ओढला जातो. जे टाळायचं तेच ती करते.

बूस्टर कधी सोडायचा हे वयावर ठरवू नका. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे सीटच्या कडेला वाकलेले, खालचा पट्टा मांड्यांवर, वरचा खांद्याच्या मध्यावर, आणि मूल घरापासून मुक्कामापर्यंत तसंच बसू शकतं. हे पाचही जमले तर बूस्टर काढा. साधारण १४५ सेंमी उंचीच्या आसपास ते जमतं, म्हणजे बऱ्याच मुलांचं अकरावं-बारावं वर्ष. आठवं नव्हे.

सिडकोकर

क्लिपबद्दल वाद नाही. बाकी जरा जमिनीवर या.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९४ बी : १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं हवं, नाहीतर हजार रुपये दंड. ‘किंवा’ आहे तिथे. बेल्ट लावला की कायदा पाळला.

दुसरं, हायबॅक ४४ ते ५० सेंमी रुंद असतो. हॅचबॅकमध्ये दोन मुलं आणि आजी मागे बसवून दाखवा. आजीचं बक्कल बूस्टरखाली गाडलं जातं आणि ती बिनबेल्टची बसते. शिवाय कित्येक गाड्यांच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये मागचे हेडरेस्ट सीटमध्येच ओतलेले असतात, निघत नाहीत. ते मध्ये आडवे येतात आणि हायबॅकची पाठ गाडीच्या सीटला टेकतच नाही, मागे पोकळी राहते. मग एवढे पैसे घालून मिळवलं काय? बिनपाठीचा बूस्टर उंची वाढवतो, खालचा पट्टा कमरेवर आणतो आणि एका हाताने उचलता येतो. महागडा हायबॅक माळ्यावर धूळ खात पडण्यापेक्षा रोज वापरला जाणारा बिनपाठीचा बरा.

गंगापूररोडकर

कायद्याने दंड वाचतो, आतडी वाचत नाहीत. तो ‘किंवा’ मुलाच्या मापाकडे बघत नाही.

बिनपाठीच्या बूस्टरबद्दल अर्धं मान्य करतो. उंची १२५ च्या वर, मूल जागं, आणि गाडीचा बेल्ट मुळातच खांद्याच्या मध्यावर येत असेल तर तो चालतो. युरोपातही आता बिनपाठीच्या बूस्टरला मान्यता १२५ सेंमीपासून पुढेच मिळते. त्याखालच्या मुलाला तो देऊ नका. आणि मूल झोपलं की? पुण्याला निघालात, संगमनेर यायच्या आत मान कलंडते, खांदा पट्ट्यातून निसटतो. हायबॅकचे कान डोक्याला आधार देतात, आणि खांद्याजवळचा गाइड पट्टा जागेवर ठेवतो. डोक्याच्या भागाची खालची कड खांद्याच्या दोन बोटं वर ठेवा. अनेक घरांत सीट आणली तेव्हा जी उंची लावली तीच दोन वर्षांनी असते आणि पट्टा दंडावर आलेला असतो.

हेडरेस्ट निघत असेल तर काढा किंवा वर करा. ओतलेला असेल तर पाठीचा कोन बदलणारं मॉडेल घ्या, आणि घेण्याआधी आपल्याच गाडीत ठेवून बघा. जो दुकानदार पार्किंगमध्ये येऊन लावून बघू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

सातपूरचा फिटर

दोघेही सीटवर भांडताय. आधी गाडी बघा. नाशकातल्या निम्म्या गाड्यांत मागची बक्कलं सापडतच नाहीत, कारण ती सीटकव्हरखाली आहेत. नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट कव्हरवाल्याकडे. तो मागची बैठक उचलतो, बक्कलं खाली पडतात, वर कव्हर चढवतो, बैठक दाबून बसवतो आणि बक्कलं कायमची आत. मुलांची सीट गाडीला अडकवायची सोय म्हणजे आयसोफिक्स; त्याच्या खाचा असतात पाठ आणि बैठक यांच्या फटीत. नेमक्या त्याच फटीतून कव्हरचे पट्टे ओढून खाली हुक लावलेले असतात. घरी हायबॅक येतो, आयसोफिक्सचे हात कुठे घालायचे ते कळत नाही, आणि बूस्टर नुसताच ठेवला जातो.

कॉलेजरोड अ‍ॅक्सेसरीज

उगाच सरसकट बदनामी करू नका, भाऊ. गिऱ्हाईकच सांगतं, ‘मागची बक्कलं टोचतात, आत टाका.’ आम्ही नको म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातं. कापडी सीटवर मुलांनी दूध सांडलं, वास राहिला की कव्हर लागतंच. आणि लेदरेटने बूस्टर खराब होत नाही.

सातपूरचा फिटर

बूस्टर खराब होतो असं म्हटलंच नाही. लेदरेट गुळगुळीत, त्याखाली फोमचा जादा थर. त्यावर बिनआयसोफिक्सचा बूस्टर प्रत्येक वळणाला सरकतो. फोमच्या जाडीने बक्कलही तेवढं आत रुततं, मग मुलाला स्वतःला लावता येत नाही. दोनदा प्रयत्न करतं आणि सोडून देतं. गिऱ्हाईक मागतं म्हणून द्यायचं असेल तर बझर गप्प करणारी खोटी बक्कलंही गिऱ्हाईकच मागतं. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती पाच ऑनलाइन कंपन्यांना विक्रीतून काढायला लावली. दुकानांच्या काउंटरवर अजून दिसतात.

कॉलेजरोड अ‍ॅक्सेसरीज

माझ्या काउंटरवर नाहीत! नाव न घेता सगळ्यांना एकाच माळेत ओवता आणि वर शिकवता. पुढच्या सीटमध्ये एअरबॅग असेल तर शिवण सुटी असलेलंच कव्हर द्यायचं, एवढं आम्हालाही कळतं. धंदा करून बघा एकदा.

सातपूरचा फिटर

धंद्यावर राग नाही. काम पूर्ण करा एवढंच म्हणणं. ज्यांची बक्कलं आत आहेत त्यांच्यासाठी लिहितो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या बैठकीची पुढची कड दोन क्लिपांवर असते. एका बाजूला दोन्ही हात खाली घालून सरळ वर झटका द्या, मग दुसऱ्या बाजूला. बैठक सुटली की थोडी पुढे ओढा, बक्कलं त्यांच्या खोबणीतून वर घ्या. पट्टा पिळलेला नाही ना ते बघा. बैठक आधी मागे सारा, मग पुढची कड दाबा. दोन्हीकडे ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे. जोर लावूनही सुटत नसेल तर बोल्ट आहेत, ओढाताण करू नका, गॅरेजला न्या. आयसोफिक्सची खाच कव्हरखाली असेल तर कव्हरचा तेवढा भाग उसवून कड दुमडून शिवून घ्या. ब्लेडने भोक पाडलं तर ते फाटत जातं.

एक गैरसमजही काढून टाकतो. बूस्टरचं आयसोफिक्स मुलाला धरत नाही. ते फक्त बूस्टर जागेवर ठेवतं; धडकेत मुलाला धरतो तो गाडीचाच बेल्ट. म्हणून आयसोफिक्स नसलेली गाडी आहे म्हणून हायबॅक घेऊ नये असं नाही. मात्र मूल गाडीत नसेल तेव्हाही रिकाम्या बूस्टरला बेल्ट लावा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की तो थेट ड्रायव्हरच्या डोक्याकडे येतो.

नाशिकरोडची आई

कव्हरवरून इतकं भांडताय, पण हीच मुलं रोज सकाळी स्कूल व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसतात, सीएनजी टाकीवर फळी टाकून. तिथे बेल्ट नाही, कुणी विचारत नाही, पालकसभेत विषय काढला की ‘मग तुम्ही सोडा’ म्हणतात. याबद्दल कुणाचा राग का दिसत नाही?

सिडकोकर

हे अगदी खरं आहे, ताई. आठवडाभर फळीवर आणि रविवारी हायबॅकमध्ये.

गंगापूररोडकर

व्हॅनचा राग मलाही आहे, पण म्हणून रविवारचा बेल्ट पोटावर राहू द्यायचा का? हायवेचा वेग स्वतःच्या गाडीत असतो आणि ती गाडी आपल्या हातात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर महिनाभर सगळे बोलत होते. आज मागे बसणारे किती जण बेल्ट लावतात, पाथर्डी फाट्यावर उभं राहून बघा.

नाशिकरोडची आई

ठीक. मग लेबलवर काय बघायचं ते तरी नीट सांगा. दुकानात प्रत्येक सीट ‘० ते ३६ किलो’ म्हणते.

गंगापूररोडकर

आपलं मानक एआयएस ०७२. ते युरोपच्या जुन्या आर ४४ वर बेतलेलं आहे आणि वजनावर चालतं : १५ ते २५ आणि २२ ते ३६ किलो. नवं आर १२९ उंचीवर चालतं, हायबॅक बहुधा १०० ते १५० सेंमी, आणि त्यात बाजूच्या धडकेची चाचणी आहे. आर ४४ मध्ये ती नव्हती. आपली मुलं अनेकदा उंच पण हडकुळी असतात, त्यामुळे वजनावर निवडलं तर फसगत होते. जमलं तर आर १२९ घ्या.

‘० ते ३६’ वाल्या सीटचं नीट ऐका. आर ४४ च्या सीटमधले पाच टोकांचे पट्टे १८ किलोपर्यंतच. त्यापुढे ते काढून गाडीचा बेल्ट वापरायचा. लोक पंचवीस किलोच्या मुलालाही तेच आवळून बसवतात. शिवाय अशा अनेक सीटांत डोक्याचा भाग पुरेसा वर जात नाही, सात-आठ वर्षांच्या मुलाचे खांदे गाइडच्या वर येतात. मूल सोबत नेऊन बसवून बघा.

गाडीचे स्टार बघून निर्धास्त होऊ नका. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचणीतल्या मुलांच्या गुणांत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे असतात. आठ वर्षांच्या मुलाबद्दल ते स्टार काही सांगत नाहीत.

सातपूरचा फिटर

दुकानात बसवून बघाल तेव्हा दोन गोष्टी तपासा. मुलाला पुढे वाकायला लावा, मग मागे टेकू द्या. पट्टा गाइडमधून आपोआप मागे गेला पाहिजे. लोंबत राहिला तर ती सीट त्या गाडीला चालत नाही. आणि बक्कल बूस्टरच्या हाताच्या कडेवर आडवं पडून वाकत असेल तर धडकेत ते तिथेच मोडू शकतं. दुसऱ्या बाजूला ठेवून बघा, नाहीतर अरुंद बुडाचं मॉडेल घ्या. मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर कधीच नाही.

थंडीत फुगीर जॅकेट काढून बेल्ट लावा. निफाडकडची थंडी असली तरी, जॅकेट वरून पांघरा. वापरलेली सीट ओळखीच्याकडून घेत असाल तरी अपघातातली नाही ना ते विचारा; आतला फोम तडकलेला बाहेरून दिसत नाही.

सिडकोकर

हेडरेस्टचा आणि रुंदीचा माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही, हे आधी नोंदवतो. झोपेचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. मग तिघांचं गणित असं : १२५ च्या खालचं मूल हायबॅकमध्ये मागे डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला उतरता येतं. मोठं मूल बिनपाठीच्या बूस्टरवर उजवीकडे. आजी पुढे, पुढे सगळ्यात चांगला बेल्ट असतो. मधली जागा रिकामी, म्हणजे बक्कलांवर कुणी बसत नाही. पाच जण असतील त्या दिवशी दुसरी गाडी किंवा एसटी. बिनपाठीच्या बूस्टरवरचं माझं मत १२५ च्या वर कायम.

कॉलेजरोड अ‍ॅक्सेसरीज

आयसोफिक्सची खाच कव्हरखाली गेली असेल त्यांनी कव्हरसकट गाडी आणा, खाच मोकळी करून शिवून देतो, पैसे नकोत. कव्हर कुठूनही घेतलेलं असू दे. पण सगळ्या कव्हरवाल्यांना दोष देणं थांबवा.

सातपूरचा फिटर

बक्कलंही वर काढून देणार का?

कॉलेजरोड अ‍ॅक्सेसरीज

देतो. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज.