आस्गार्डचं काय झालं ते बघा

जुनी लाकडी यॉट (शिडाची हौशी बोट) पाण्यातच हवी, म्युझियममध्ये ठेवली की मेली असं काही जण म्हणतात, पण आयर्लंडच्या 'आस्गार्ड' ह्या यॉटची केस बघा. नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने 1905 ला बांधलेली, 51 फुटी केच (दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट), लेखक अर्स्किन चाइल्डर्स आणि त्यांची बायको मॉली ह्यांना मॉलीच्या आईवडलांनी लग्नात दिलेली (आहेर असावा तर असा!). जुलै 1914 मध्ये ह्याच हौसेच्या बोटीतून आयरिश राष्ट्रवादी स्वयंसेवकांसाठी 900 जुन्या जर्मन मॉझर रायफली नि 29,000 काडतुसं डब्लिनजवळ हाऊथला उतरवली, त्याआधी बेल्जियमच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात टगवरून (ओढबोटीवरून) माल घेतला, केबिनमध्ये रायफलींचा थर, वर गाद्या, आणि त्यावरच सगळ्यांचं खाणंझोपणं. मॉली लहानपणच्या अपघातामुळे पायाने अधू, तरी हाऊथला शिरताना सुकाणूवर तीच!

पुढे 1961 ला सरकारने विकत घेतली, 1969 पासून काही वर्षं पोरांना शिडाचं ट्रेनिंग, मग डब्लिनच्या जुन्या किलमेनहॅम जेलमध्ये पडून. 2007 पासून पाचेक वर्षं काम करून आता डब्लिनच्या कॉलिन्स बॅरॅक्समधल्या (जुन्या लष्करी बराकीतल्या) राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. परत समुद्रात घालायची तर बरंचसं मूळ लाकूड बदलावं लागलं असतं, मग ती आस्गार्ड कसली? त्यापेक्षा मूळ लाकूड राहिलं हे बरं झालं.