तिसरं वर्ष, एम-थ्रीची बॅक, आणि झोपलो तरी टोचणी

ईटीसी_टीई (प्रश्न)

पुणे विद्यापीठ, 2019 पॅटर्न (अभ्यासक्रम), ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), तिसरं वर्ष. एम-थ्री (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-3) बॅक राहिलाय, म्हणजे त्यात नापास आहे. तो सुटला नाही तर बी.ई.ला (शेवटच्या वर्षाला) प्रवेश नाही. एन्डसेमला (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला) आठ आठवडे आहेत आणि मध्ये सबमिशन (प्रॅक्टिकलच्या वह्या तपासून जमा करणं) येणार. सकाळी 9 ते 4:30 कॉलेज, येऊनजाऊन दीड तास. रोज रात्री पुस्तक उघडून एकपर्यंत बसतो, पण हाती काहीच लागत नाही. फीसाठी घरच्यांनी कर्ज काढलंय. त्यामुळे मोबाईल हातात घेतला तरी टोचतं आणि झोपलो तरी टोचतं. "अभ्यास कसा चाललाय?" याला उत्तर नसतं म्हणून घरी फोन करणंही टाळतो. टाइमटेबल केलं की तिसऱ्या दिवशी मोडतं. नेमकं कुठून सुरू करू?

टर्मवर्क_25

टाइमटेबल मोडतं कारण ते नसलेल्या तासांवर आखलेलं असतं. आधी तास मोज. आठवड्याचे 168. झोप साडेसात तास धरली तर 52.5, कॉलेज 37.5, प्रवास 7.5, जेवण-आंघोळ-कपडे रोजचे अडीच तास धरून 17.5. बेरीज 115, उरले 53. हा आकडा बघून लगेच 50 तासांचा अभ्यास लिहू नकोस. त्यातच बाजारहाट, मित्र, थकवा, पाहुणे आणि बस चुकणं असतं. निम्म्यापेक्षा कमी लिही, म्हणजे 20 ते 22 तास. त्यातले 8 एम-थ्रीला, बाकीचे चालू सेमिस्टरला. रविवारी दुपारचा तीन तासांचा तुकडा मुद्दाम मोकळा ठेव. आठवड्यात जे सांडेल ते तिथे भरायचं. काही सांडलं नाही तर ते तीन तास तुझे.

दुसरं म्हणजे वहीत "एम-थ्री, 7 ते 9" असं लिहून काही होत नाही. सातला बसलास की काय करायचं हे ठरवण्यातच अर्धा तास जातो, आणि त्याच अर्ध्या तासात हात मोबाईलकडे जातो. त्यापेक्षा "डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हचे 3 प्रश्न, मागच्या दोन पेपरांतले" असं लिही. तो कागद आणि ते पेपर आदल्या रात्रीच टेबलावर काढून ठेव. 45 मिनिटं बसायचं, 10 मिनिटं उठायचं. मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा रूममेटकडे. सायलेंट करून शेजारी ठेवला तरी लक्ष तिकडे जातंच.

सबमिशनचं गणित वेगळं आहे. टर्मच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची धावपळ होते ती राइट-अपपेक्षा (प्रॅक्टिकलच्या लेखनापेक्षा) सरांच्या सह्यांसाठी. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी रीडिंगवर सही घे आणि त्याच संध्याकाळी 40 मिनिटांत राइट-अप संपव. महिन्याभराने बसलास तर ग्राफ रीडिंगशी जुळत नाही, किट दुसऱ्या बॅचकडे असतं आणि सर मीटिंगमध्ये. आत्ता किती राइट-अप बाकी आहेत ते आजच मोज आणि रोज एक याप्रमाणे संपव. दोन घ्यायला जाऊ नकोस, एम-थ्रीचे तास त्यातच जातील.

समुपदेशन_कक्ष

टोचणीबद्दल बोलते. घरच्यांनी खस्ता खाऊन शिकवलं की मुलाला विश्रांतीसुद्धा चोरीसारखी वाटायला लागते, आणि मग अभ्यासही होत नाही. हे कसं घडतं ते बघ. पुस्तक उघडलं की कर्ज, वर्ष, बी.ई. सगळं एकदम अंगावर येतं. ते सहन होत नाही म्हणून मन सुटका शोधतं, म्हणजे रील्स. तासाने जाग येते आणि टोचणी दुप्पट होते. दुसऱ्या दिवशी पुस्तकाकडे बघणं आणखी जड जातं. हा आळस नाही. आधीच्या दिवसाची टोचणीच दुसऱ्या दिवशी पळ काढायला लावते.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. म्हणून वाया गेलेल्या दिवसाची भरपाई रात्री जागून करू नकोस. वहीत एक ओळ लिही: आज काय राहिलं, ते कोणत्या वारी, किती वाजता होणार. एवढं झालं की दिवस बंद. राहिलेल्या कामाला वेळ नेमून दिली की ते डोक्यात घोळायचं बरंच कमी होतं.

घरी फोन टाळू नकोस. तू बोलला नाहीस तर ते जास्त घाबरतात. बुधवार आणि रविवार, रात्री साडेआठ, दहा मिनिटं, असं ठरवून टाक आणि ते त्यांना सांग. बॅकबद्दल माहीत नसेल तर तीन वाक्यांत सांग: "आई, एम-थ्री राहिलाय. परीक्षा आठ आठवड्यांनी आहे. आठवड्याला आठ तास त्यालाच ठेवलेत." योजनेसकट सांगितलं की ऐकणाऱ्यालाही धीर येतो. कर्जाची चिंता असेल तर हप्ता कधीपासून, किती, हे वडिलांना एकदा थेट विचार. शैक्षणिक कर्ज असेल तर परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होते, आणि मुलं मात्र ती उद्यापासून असल्यासारखी धास्ती घेतात.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. जगणं नको वाटलं तर एक दिवसही थांबू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. नापास होण्याची वाट बघायची गरज नाही.

एम३_सोडवा

मी फक्त पेपरवर लिहितो. एन्डसेमला युनिट 3 ते 6. पहिला प्रश्न 10 गुणांचा, बहुपर्यायी आणि सक्तीचा. बाकी 15-15 गुणांचे चार, प्रत्येकाला पर्याय. क्रम असा धर: न्यूमेरिकल मेथड्स, मग कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स, मग व्हेक्टर डिफरन्सिएशन, शेवटी व्हेक्टर इंटिग्रेशन. पहिल्या दोन्हींत ठरावीक प्रकार फिरून फिरून येतात.

गुण कुठे जातात? सिम्पसन 1/3 ला (इंटिग्रलची अंदाजे किंमत काढायची रीत) भागांची संख्या सम लागते, 3/8 ला तीनच्या पटीत. घाईत ते बघायचंच राहतं. रुंगे-कुट्टात (डिफरन्शियल इक्वेशन टप्प्याटप्प्याने सोडवायची रीत) k2 ही मधली किंमत दोन दशांशांवर तोडली की पुढचं सगळं चुकतं, चार दशांश धर. साइन-कोसाइन असेल तर कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये. डायरेक्शनल डेरिव्हेटिव्हला दिशा युनिट व्हेक्टर करून घ्यायची राहते. कॉन्टूर इंटिग्रलमध्ये पोल (जिथे फंक्शनची किंमत अनंत होते तो बिंदू) वर्तुळाच्या आत आहे का हे आधी आकृती काढून बघ.

आणि सोडवलेली उदाहरणं नुसती वाचू नकोस. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने जास्त आठवलं ते न बघता स्वतःची चाचणी घेणाऱ्यांना. रात्री एकपर्यंत वाचून "येतंय" असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, ते यामुळेच. उत्तर झाक, 12 मिनिटांत सोडव, अडलास तर फक्त एक ओळ बघ. तोच प्रश्न तीन दिवसांनी पुन्हा, मग दहा दिवसांनी.

ईटीसी_टीई

घरी रविवारी सांगतो. रात्री एकऐवजी पहाटे उठलो तर?

टर्मवर्क_25

उठ, पण झोपायची वेळही तेवढीच अलीकडे आण, रोज 15-20 मिनिटांनी. एकला झोपून पाचला उठलास तर नऊच्या लेक्चरला डुलक्या आणि दिवसभर डोकं जड. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

आणि उद्या कॉलेजात गेलास की परीक्षा विभागात बॅकच्या विषयाचा फॉर्म तपास. नियमित विषयांसोबत एम-थ्रीवर टिक झालीय का, आणि कॉलेजने तो पुढे पाठवलाय का. मुदत उलटली की लेट फी लागते. पावतीचा फोटो काढून ठेव.