एक मॉनिटर, दोन संगणक : स्विच केल्यावर रेझोल्यूशन १०२४ × ७६८ वर येते

प्रश्न
माझा २७ इंची फोर-के मॉनिटर घरचा डेस्कटॉप आणि कार्यालयाने दिलेला लॅपटॉप या दोन्हींना एका एचडीएमआय केव्हीएम स्विचमार्फत (एकच मॉनिटर, कीबोर्ड व माउस दोन संगणकांसाठी आलटून-पालटून वापरू देणारे उपकरण) जोडलेला आहे. दोन्हींवर विंडोज ११ आहे. लॅपटॉपवरून डेस्कटॉपकडे परत आलो की बऱ्याचदा रेझोल्यूशन ३८४० × २१६० ऐवजी १०२४ × ७६८ झालेले असते आणि डेस्कटॉप रीस्टार्ट केल्याशिवाय ते पूर्ववत होत नाही. एरवीही रिफ्रेश रेट ३० हर्ट्झच्या वर जात नाही, त्यामुळे माउसचा बाण अडखळत सरकतो. ग्राफिक्स ड्रायव्हर दोनदा काढून नव्याने टाकला, तरी फरक नाही. नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागेल काय?

पहिले उत्तर
कार्ड घेण्याची घाई करू नका. बिघाड केवळ स्विच केल्यावरच दिसत असेल, तर पहिला संशय स्विचवरच घ्यायला हवा.

मॉनिटर आपली ओळख, म्हणजे कोणती रेझोल्यूशन व कोणते रिफ्रेश रेट चालतात ही माहिती, ईडीआयडी नावाच्या छोट्याशा नोंदीतून संगणकाला कळवतो. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. मॉनिटर जोडलेला आहे की नाही, हे एचडीएमआयच्या १९ क्रमांकाच्या पिनवरून संगणकाला समजते. साधे स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळताना हे दोन्ही दुवे तोडतात, त्यामुळे मॉनिटर काढून घेतला असे डेस्कटॉपला वाटते, आणि परत जोडणी होताना ती नोंद नीट वाचता आली नाही तर तो १०२४ × ७६८ सारख्या सुरक्षित रेझोल्यूशनवर थांबतो. ईडीआयडी साठवून ठेवणारे स्विच मिळतात, पण ते महाग असतात.

३० हर्ट्झचे कारण बहुधा वेगळे आहे. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट असल्याने फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच चालते. ६० साठी एचडीएमआय २.० ची १८ गिगाबिटची वाट स्विच, केबल आणि दोन्ही टोकांचे पोर्ट अशी सलग मिळावी लागते. तेव्हा स्विच बाजूला ठेवून, केबल तीच ठेवून, डेस्कटॉप थेट मॉनिटरला जोडून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे, परंतु महाग स्विच घेण्याचीही गरज नसावी. मॉनिटरला दोन इनपुट असतील तर दोन्ही संगणक थेट जोडा आणि चित्र मॉनिटरच्या बटणाने बदला. सध्याच्या स्विचला एचडीएमआय केबल न लावता फक्त यूएसबी केबल लावल्या, तर बहुतेक स्विच कीबोर्ड व माउसपुरते मुकाट काम करतात.

एक अडचण मात्र येईल. चित्र लॅपटॉपचे दिसत असले तरी मॉनिटर अजून आपल्यालाच जोडलेला आहे असे डेस्कटॉपला वाटू शकते, आणि लॅपटॉपच्या बाबतीतही उलट तसेच. लॅपटॉपची एखादी विंडो त्या न दिसणाऱ्या पडद्यावर अडकली, तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबा. मॉनिटरच्या मेनूतील स्वयंचलित इनपुट निवड बंद करा. अन्यथा एक संगणक झोपला की मॉनिटर आपणहून दुसऱ्याकडे उडी घेतो.

प्रश्नकर्ता
तीच केबल वापरून डेस्कटॉप थेट जोडला आणि पहिल्याच खेपेस ६० हर्ट्झ मिळाले. म्हणजे केबल आणि कार्ड दोन्ही निर्दोष. आता डेस्कटॉप डिस्प्लेपोर्टवर आणि लॅपटॉप एचडीएमआयवर आहे. दोन दिवसांत रेझोल्यूशन एकदाही घसरले नाही. मात्र लॅपटॉपकडे जाऊन आलो की डेस्कटॉपवरील विंडो कोपऱ्यात गोळा झालेल्या दिसतात.

पहिले उत्तर देणारे
काही मॉनिटर इनपुट बदलताच डिस्प्लेपोर्टची जोडणी तोडतात, त्याचा हा परिणाम असावा. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो सुरू आहे ना हे पाहा. शक्य असल्यास डेस्कटॉपही एचडीएमआयवर आणून पाहा.

प्रश्नकर्ता
तो पर्याय बंदच होता. सुरू केल्यावर विंडो आपापल्या जागी परत येत आहेत. जुना स्विच आता फक्त कीबोर्ड आणि माउस सांभाळतो.