ॲपमधल्या बिटकॉइनचा हिशोब रुपयांत कसा ठेवायचा?

सत्तरीकर:
चार वर्षं न्यू जर्सीला होतो, गेल्या चतुर्थीच्या आधी कायमचा वाळपईला परतलो. तिथं पैसे पाठवायचं जे ॲप वापरायचो, त्यातच अधूनमधून 50 डॉलरचं बिटकॉइन घ्यायचो. 2021 पासून 14 वेळा घेतलं. आज जमा आहे 0.0184. ॲप उघडलं की डॉलरमधला एकच मोठा आकडा दिसतो आणि खाली हिरवा नाहीतर तांबडा टक्का. तो कशावरून काढलाय, देव जाणे.

आमचे बाबा काजूच्या मोसमात वहीत तारीख, किलो आणि दर लिहितात. एप्रिलात दर पडला तरी मार्चात काय मिळालं ते वही सांगते. तसंच करायचं म्हणून शीट उघडली, पण दर डॉलरमध्ये लिहू की रुपयांत, तिथंच अडलोय. त्यात एका ओळीत एक शून्य गाळलं आणि दोन दिवस आपण बरेच श्रीमंत आहोत असं वाटत होतं.

आबोली:
शून्यांचा घोळ नको असेल तर सातोशीत लिहा. एका बिटकॉइनचे 10 कोटी सातोशी, म्हणजे तुमचे 18 लाख 40 हजार. दशांशचिन्हच नाही, तर चुकणार कुठं?

बाबांची पद्धत बरोबर आहे. त्यांच्या वहीत माल वेगळा, दर वेगळा. ॲप दोन्ही कालवून दाखवतं. खरेदीच्या ओळीत डॉलर लिहा, शेजारी त्या दिवशीचा डॉलरचा भाव. आजची किंमत वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि जुन्या ओळींना पुन्हा हात लावू नका. टक्क्याच्या नादी तर लागूच नका. 50 दिलेत आणि शुल्क कापून 49 चं बिटकॉइन आलं, तरी तुमच्या खिशातून 50 च गेले ना? आणि ॲपवरचा भाव म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे. विकायला गेलात की थोडा कमीच मिळतो.

फोंडेकर:
आबोलीताईंचा हिशोब मनाच्या समाधानाला ठीक. आयकराचा वेगळा. विकलंत तर नफ्यावर 30 टक्के, वर उपकर, आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एप्रिल 2022 पासून हेच चालू आहे.

न विकताही, इथले रहिवासी ठरलात की परदेशातली मालमत्ता रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते. तिथं मार्च नाही, 31 डिसेंबरला संपणारं वर्ष धरतात आणि डॉलरला स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या भावाने डॉलर विकत घेते तो, लावतात. बिटकॉइनची किंमत आणि हा दर, दोन्ही आकडे त्याच दिवशी टिपून ठेवा. नव्याने परतलेल्यांना यातून काही काळ सूट असते खरी, पण तुम्ही चारच वर्षं बाहेर होता, त्यात बसाल असं वाटत नाही. सीएला पासपोर्टवरचे शिक्के दाखवून दिवस मोजून घ्या.

पात्रांव:
हिशोब राहू दे मरे, तिथला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघ आधी! माझ्या मेव्हण्याने परतताना नंबर बंद केला. ओटीपी त्याच नंबरवर. पासवर्ड पाठ, पण दार काही उघडेना. सहा महिने ईमेल लिहीत होता.

सत्तरीकर:
नंबर मावसभावाकडे एडिसनला चालू आहे. काल रात्री साडेदहाला फोन केला, तिथं दुपार, जेवता जेवता त्याने ओटीपी वाचून दाखवला. सगळ्या व्यवहारांची फाइल उतरवून घेतली. 14 ओळी सातोशीत, बेरीज 18,40,000, एकही इकडेतिकडे नाही. एक गंमत दिसली: 2021 च्या ओळींत डॉलर 74 रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे बिटकॉइन जागचं हललं नसतं तरी रुपयांत थोडा नफा दिसलाच असता. ॲपच्या टक्क्यात हे कुठून येणार?

बाबांनी चष्मा लावून शीट बघितली. रकाने पसंत पडले. मग विचारलं, "हा दर ओल्याचा की सुक्याचा?"