हिवाळ्यातली मरगळ आणि १०,००० लक्सचा दिवा: नेमका कसा वापरायचा?

केतकी_उत्तरसमुद्र
नमस्कार मंडळी. मुक्काम अ‍ॅबरडीन, स्कॉटलंड. डिसेंबरात इथे पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनला दिवेलागण. ऑक्टोबर सरत आला की झोप वाढते, सारखं गोड आणि भात खावासा वाटतो, वजन चढतं, कशातच मन लागत नाही. एप्रिलमध्ये आपोआप मोकळं वाटतं. दरवर्षी हेच चालल्यामुळे जीपींनी (इथले फॅमिली डॉक्टर) 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य, असं निदान केलं. यावर उपचार म्हणून वापरतात तो तेजस्वी उजेडाचा दिवा एनएचएसकडून (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) मिळत नाही म्हणून स्वतःच घेतला: टॅब्लेट-संगणकाएवढा एलईडी, खोक्यावर '१०,००० लक्स'. ऑफिसातून आल्यावर सातच्या सुमारास टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवून अर्धा तास लावते. मरगळ तशीच आहे, उलट आता झोप लागायला एक वाजतो. दिवा बदलू, वेळ बदलू, की नाद सोडू? चष्मा आहे आणि मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन चालू आहे. त्याचा काही संबंध येतो का?

मापाडी
नाद सोडू नका, उपचार अजून सुरूच झालेला नाही. लक्स म्हणजे तुमच्या डोळ्यांपाशी किती उजेड पोचतो त्याचं माप. त्यामुळे अंतर सांगितल्याशिवाय '१०,००० लक्स' या आकड्याला काहीच अर्थ नाही. टॅब्लेटएवढे दिवे हा आकडा बहुधा १०-१५ सेंटीमीटरवर गाठतात, आणि इतक्या जवळ नाक लावून अर्धा तास कोणी बसत नाही. शेकोटीपासून दोन पावलं मागे सरकलं की ऊब जशी झपकन कमी होते, तसंच इथे. साधारण १५ × २० सेंटीमीटरचा दिवा १५ सेंटीमीटरवर १०,००० लक्स देत असेल, तर ४० सेंटीमीटरवर गणिताने २,००० लक्सही उरत नाहीत. टेबलाच्या पलीकडे ठेवलात तर काही शेच.

म्हणून मोठ्या पृष्ठभागाचा दिवा घ्या, निदान ३० × ४० सेंटीमीटरचा. 'इतक्या सेंटीमीटरवर १०,००० लक्स' असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं हवं आणि ते अंतर ४० ते ६० च्या दरम्यान हवं. अंतर लिहिलेलंच नसेल तर तो दिवा घेऊ नका. वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेला, अतिनील किरण गाळणारा, पांढऱ्या उजेडाचा असावा. निव्वळ निळ्या उजेडाच्या दिव्यांची गरज नाही, डोळ्यांना ते जास्त टोचतात. आणि त्वचा रापवायच्या सनबेडचा या उपचाराशी काहीही संबंध नाही.

साधा लक्समीटर वीस-तीस पौंडांत मिळतो, जमल्यास घ्याच. खोलीतले बाकीचे दिवे बंद करायचे, नेहमीच्या जागी बसायचं, मीटरची पांढरी चकती डोळ्यांच्या उंचीवर दिव्याकडे तोंड करून धरायची. फोनवरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. फोनचा सेन्सर पडद्याची चमक कमीजास्त करायला बसवलेला असतो, दोन फोन दोन आकडे दाखवतात. मीटरवर १०,००० आले तर ३० मिनिटं, ५,००० आले तर तासभर, २,५०० आले तर दोन तास. त्याखाली असेल तर खुर्ची पुढे ओढा. तुलनेसाठी सांगतो, घरातल्या दिवाणखान्यात रात्री १००-२०० लक्स असतात, लख्ख उजळलेल्या ऑफिसात ५००.

सकाळपाळी
मापाडींनी अंतराचं सांगितलंच आहे. वेळ तितकीच महत्त्वाची आणि तुमची वेळ नेमकी उलटी आहे. डोळ्याच्या पडद्यात वस्तू पाहण्यासाठी नसलेल्या काही पेशी असतात. उजेड आहे की अंधार, एवढंच त्या मेंदूतल्या शरीरघड्याळाला कळवतात. सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे आणतो, रात्रीचा मागे ढकलतो. उशिरा उजाडल्यामुळे हिवाळ्यात अनेकांचं घड्याळ आधीच मागे पडलेलं असतं. त्यावर तुम्ही संध्याकाळी सातला भर घालताय, मग झोप एक वाजता लागणार नाही तर काय.

रोज एकाच वेळी उठा, शनिवार-रविवारीही. उठल्यापासून तासाभरात दिव्यासमोर बसा. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि किंचित बाजूला ठेवून पुढे कलता करा. वरून येणारा उजेड डोळ्यांना खुपत नाही आणि परिणामही चांगला होतो. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, पण डोळे उघडे आणि तोंड त्याच्या दिशेने हवं. चहा, नाश्ता, वाचन काहीही चालेल. मान खाली घालून मांडीवरच्या फोनमध्ये बघत बसलात की डोळ्यांशी पोचणारा उजेड निम्म्यावर येतो. ही चूक फार जण करतात, आणि मग 'दिव्याने काही होत नाही' असं ठरवून दिवा माळ्यावर टाकतात.

आठवड्याभरात थोडं हलकं वाटू लागतं, पूर्ण अंदाज यायला दोन आठवडे लागतात. दोन आठवड्यांनी काहीच फरक नसेल तर ४५ मिनिटं, मग तासभर करून बघा. महिन्यानेही नसेल तर जीपींकडे परत जा. कॅनडातल्या २००६ च्या कॅन-सॅड चाचणीत ९६ रुग्णांवर आठ आठवडे १०,००० लक्सचा दिवा आणि २० मिलिग्रॅम फ्लुऑक्सेटिन (नैराश्यावरची गोळी) यांची तुलना झाली. दोन्ही गटांत ६७ टक्के रुग्णांना उतार पडला. म्हणजे दिवा हा खरा उपचार आहे, आणि गोळी घ्यावी लागली तर तीही तितकीच रास्त. दिवा नको असेल किंवा जमत नसेल, तर हिवाळी नैराश्यासाठी बेतलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) हाही चांगला पर्याय आहे.

डोकं दुखणं, मळमळ, डोळे ताणणं असं झालं तर १५ मिनिटांवर या किंवा दिवा थोडा लांब सरकवा. पहाटे चारलाच टक्क जाग येऊ लागली तर दिवा अर्धा-एक तास उशिरा लावा.

नेत्रपल्लवी
डोळे आणि औषधांबद्दल. साधा चष्मा लावून बसायला हरकत नाही. रंगीत काचांचा नको. निळा प्रकाश गाळणारं कोटिंग असेल तर त्या अर्ध्या तासापुरता जुना चष्मा लावा.

डॉक्सिसायक्लिनने त्वचा हळवी होते ती मुख्यतः अतिनील किरणांना. अतिनील गाळणाऱ्या दिव्यासमोर धोका कमी आहे, तरी फार्मसिस्टला एकदा विचारा आणि चेहरा लाल होऊन चुरचुरला तर थांबा. पुढे मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनवर जायची वेळ आली तर दिव्याचा विषय डॉक्टरांशी नव्याने काढा, त्या औषधात मनःस्थितीवरही लक्ष ठेवावं लागतं. लिथियम, अमिओडॅरोन, क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांनीही आधी विचारायला हवं. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी इथे उदासीसाठी चिठ्ठीशिवाय मिळते. ती उजेडाला हळवेपणा आणते, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटवते आणि नैराश्याच्या गोळ्यांसोबत धोकादायक ठरते. 'झाडपाल्याचं आहे' म्हणून बिनधास्त घेऊ नका.

जुना मधुमेह, मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची झीज) किंवा पडद्याचा कुठलाही आजार असेल तर तपासणीआधी दिवा लावू नये. स्कॉटलंडमध्ये डोळ्यांची तपासणी एनएचएसतर्फे मोफत होते, एकदा करून घ्याच.

सगळ्यात कळकळीचं: स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कोणाला बायपोलर आजार असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशिवाय दिवा वापरू नका. सकाळच्या तीव्र उजेडाने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं: झोप दोन-तीन तासांवर येते तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भरमसाट खर्च. अशा रुग्णांना मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधासोबत बहुधा दुपारचा उजेड देतात. आणि जगणं नको वाटू लागलं तर दोन आठवडे वाट बघायची नाही. त्याच दिवशी जीपी किंवा १११ (एनएचएसची फोनसेवा). नुसतं बोलायचं असेल तर समॅरिटन्स ही मदतवाहिनी, ११६ १२३, चोवीस तास मोफत.

रानवाटा
एक पुरवणी. या दिव्याने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्याला लागणारे अतिनील किरणच त्यात गाळलेले असतात. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम घ्यायचा सल्ला आहे, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्यांना वर्षभर. शाकाहारी असाल तर बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडही तपासा. यांतलं काही बिघडलेलं असलं तरी असाच थकवा येतो आणि दोष हिवाळ्यावर जातो. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. ढगाळ दुपारीही उघड्यावर काही हजार लक्स असतात, ऑफिसच्या कितीतरी पट.

केतकी_उत्तरसमुद्र
सगळ्यांचे मनापासून आभार! दिवा परत करतेय. दोन शंका उरल्या. सकाळी सलग अर्धा तास जमला नाही तर १५-१५ मिनिटं चालतील का? आणि जानेवारीत तीन आठवडे पुण्याला जायचंय, तेव्हा काय?

सकाळपाळी
दोन्ही तुकडे सकाळीच उरकणार असाल तर चालेल. दुसरा संध्याकाळवर ढकलू नका.

पुण्यात जानेवारीतही अकरा तासांचा दिवस असतो, दिव्याची गरज नाही. सकाळी बाहेर फिरलात की झालं. परतल्यावर मात्र सांभाळा. घड्याळ साडेपाच तास पुढे असल्याने पहिले काही दिवस पहाटे तीनलाच जाग येईल. तेव्हा दिवा लावलात तर शरीर पुण्याच्याच वेळेवर अडकून राहील. अंधारात पडून राहा, संध्याकाळी मात्र घरात भरपूर उजेड ठेवा. झोप साडेसहा-सातपर्यंत टिकू लागली की सकाळचा दिवा पुन्हा सुरू करा आणि एप्रिलपर्यंत चालू ठेवा. भर हिवाळ्यात बरं वाटलं म्हणून बंद केलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत मरगळ परत येते. पुढच्या वर्षी लक्षणांची वाट न बघता सप्टेंबरअखेरीसच सुरू करा.