एचआयव्हीच्या पेशंटची शुगर-बीपी कोणी बघायची? आयडी (इन्फेक्शियस डिसीज, म्हणजे संसर्गजन्य आजार) ट्रेनिंगबद्दल विचारायचंय

ऐरोलीकर_एमडी:
मी एमडी मेडिसिन, नवी मुंबईत प्रॅक्टिस करतो. इन्फेक्शियस डिसीजची फेलोशिप करायचं डोक्यात आहे. माझ्याकडचे एचआयव्हीचे बरेच पेशंट आता पन्नाशीच्या पुढचे, २००४ ला सरकारी एआरटी (एचआयव्हीची औषधं) फुकट सुरू झाली त्या सुरुवातीच्या वर्षांतलेही काही आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) एकदम सप्रेस्ड आणि तक्रारी सगळ्या दुसऱ्याच, शुगर, बीपी, वजन वाढलंय, झोप नाही. आयडीत हे नीट शिकवतात का, की सगळा भर आयसीयू आणि अँटिबायोटिकवरच?

ठाणे_एआरटी_एमओ:
सर, बरं झालं विचारलंत. टीएलडी (टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन, डोलुटेग्रावीर ह्या तीन औषधांची एकच गोळी) आल्यापासून व्हायरस बहुतेकांचा कंट्रोलमध्ये असतो, पण डोलुटेग्रावीरमुळे शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीची रक्तातली लेव्हल वाढते, म्हणून दिवसाला १००० मिग्रॅच्या वर शक्यतो जायचं नाही, आणि बाहेरचा डॉक्टर २००० लिहून मोकळा होतो कारण पेशंटने त्याला एचआयव्हीचं सांगितलेलंच नसतं! क्रिएटिनिनचंही (किडनीच्या तपासणीतला आकडा) तसंच, डोलुटेग्रावीरने ते थोडं वाढलेलं दिसतं पण किडनी ठीक असते, टेनोफोव्हिरने मात्र खरंच डॅमेज होऊ शकतं, हा फरक कळायला हवा. शिवाय एचआयव्ही असलेल्यांवरच्या २०२३ च्या रिप्रीव्ह ट्रायलमध्ये पिटाव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणारं एक स्टॅटिन) हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका ३५ टक्क्यांनी कमी झाला, तेही ज्यांची रिस्क फार नव्हती अशांमध्ये. आमच्याकडे गर्दीत स्टॅटिनचा विषयच निघत नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

काउन्सिलर_ताई:
डॉक्टर, 'शुगरवाल्यांना दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली की पेशंट हो म्हणतो आणि जात नाही. परत एका अनोळखी माणसाला सगळं सांगायचं, परत त्याचा चेहरा बघायचा. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून लोक पनवेलहून ठाण्याला औषधं घ्यायला येतात हो. २०१७ चा कायदा आहे भेदभावाविरुद्ध, पण भीती काय कायद्याने जात नाही. म्हणून ज्याच्यावर एकदा विश्वास बसलाय त्याच डॉक्टरला बाकीचंही आलं पाहिजे. आणि बायकांना विसरू नका, एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो, तपासणीचं नाव काढलं की त्या लाजतात, तर तो विषय डॉक्टरनेच काढायचा. मन कसंय हेही विचारा.

आयडी_वाशी:
@ऐरोलीकर_एमडी खरं सांगतो, माझ्या ट्रेनिंगमध्ये बहुतेक वेळ वॉर्डातल्या कन्सल्टमध्येच गेला, आणि डिस्चार्ज झाला की पेशंट आपला राहत नाही. इंटरव्ह्यूला एवढंच विचारा की एचआयव्ही ओपीडीत तेच पेशंट सलग फॉलो करायला मिळतात का आणि एंडोक्राइन, सायकियाट्री, गायनॅकच्या पोस्टिंग आहेत का. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघा. औषधांचे इंटरॅक्शन वाचून येतात, पेशंटला वय होताना बघणं वाचून येत नाही.

ऐरोलीकर_एमडी:
थँक्यू सगळ्यांना. मेटफॉर्मिनवर असलेल्या माझ्या पेशंटचे डोस उद्याच चेक करतो. ताई, तुम्हाला मेसेज केलाय, आमच्या ओपीडीतल्या सिस्टरांना तपासणीबद्दल कसं बोलायचं ते सांगाल का?