मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलीचा गॅमा नाइफ उपचार आणि भूल

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. माझ्या पुतणीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता (एव्हीएम) आढळला असून पुढील मंगळवारी मुंबईत तिच्यावर गॅमा नाइफने (चाकू न लावता, मेंदूतील नेमक्या जागी किरणे सोडून) उपचार ठरले आहेत. मोठी माणसे डोके स्थिर ठेवणारी चौकट बसवताना जागी असतात. ही मात्र एमआरआयच्या आवाजानेच आईचा पदर सोडत नाही, म्हणून चौकट, एमआरआय, अँजिओग्राफी आणि किरणोपचार हे सारे एकाच दिवशी, श्वासनलिकेत नळी घालून, पूर्ण भुलीखाली होणार आहे. किरणे सुरू असताना भूलतज्ज्ञ खोलीबाहेरून कॅमेऱ्यावर आणि मॉनिटरवर लक्ष ठेवतात, हे कळल्यापासून वहिनींची झोप उडाली आहे.

ज्यांच्या मुलांवर हा उपचार झाला आहे, त्यांनी कृपया सांगावे: मूल पूर्ण शुद्धीवर यायला किती वेळ लागला? नळी निसटल्यास तोंडापुढे आड येणारी चौकट तातडीने काढण्याची अवजारे हाताशी असतात का, हे आधीच विचारणे आगाऊपणाचे ठरेल का? (मला तरी तसे वाटत नाही.) जेवण आणि दूध सहा तास, पाणी दोन तास आधी बंद, हे समजले. परंतु तिला कालपासून खोकला आहे. भूलतज्ज्ञांना आजच कळवतो आहोत, तरी अशा वेळी तुमची तारीख किती पुढे गेली होती?